एकच भिंग, दोन पाय

काय दोस्तांनो, सुट्टीचा बेत ठरला का? या वेळी शहापूर-मुरबाडच्या बाजूला दोन दिवस भटकायला जाऊया. आधी सॅकची तपासणी! पाण्याची बाटली? घेतली. टोपी? घेतली. खाऊचा डबा? तो तर सगळ्यात आधी भरला असेल! आता राहिला कॅमेरा. तो मात्र एकच घ्यायचा. लहानसा, खिशात मावेल असा, आणि ज्याचं भिंग जागच्या जागी पक्कं बसवलेलं आहे असा.

“म्हणजे झूम नाही?”

नाही! लांबचं जवळ ओढून दाखवणारं काहीच नाही. लगेच तोंड वाकडं करू नका हं. आधी ऐका तर खरं.

असे कॅमेरे काही नवे नाहीत. १९०० साली कोडॅक कंपनीनं मुलांनाही परवडावा म्हणून ‘ब्राउनी’ नावाचा कॅमेरा काढला. पुठ्ठ्याची पेटी, पुढे एक साधं भिंग, किंमत एक डॉलर. आपल्याकडे आजोबांच्या कपाटात ‘आग्फा क्लिक थ्री’ सापडला तर बघा. त्यात १२० नंबरचा रोल घालायचा आणि मोजून बारा चौकोनी फोटो काढायचे. तेरावा काढायचा तर नवा रोल आणा! पुढे आईबाबांच्या वेळी ३६ फोटोंचा रोल घेणारे छोटे कॅमेरे घरोघरी आले. आणि गंमत अशी, की झूमची चैन सगळीकडे झाल्यावरही २०११ साली फुजीफिल्मनं ‘एक्स-१००’ हा एकाच पक्क्या भिंगाचा, चांगला महागडा कॅमेरा बाजारात आणला आणि मोठमोठ्या छायाचित्रकारांनी तो हौसेनं घेतला.

तुमच्याकडे यातलं काहीच नसेल तर घरातला मोबाइल चालेल. अट एकच. काचेवर दोन बोटं फाकवून चित्र मोठं करायचं नाही!

आता थोडंसं गणित. घाबरू नका, तोंडी आहे. ३५ मिलिमीटर रोलवरच्या फोटोची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. कॅमेऱ्याचं भिंगही ३५ मिलिमीटरचं असेल, तर तुम्ही जितके लांब उभे, साधारण तितक्याच रुंदीचं दृश्य चौकटीत मावतं. दहा फुटांवरून दहा फुटांची भिंत. दोन किलोमीटरवरून दोन किलोमीटरची डोंगररांग. कॅमेरा उभा धरला की हाच हिशोब उंचीला लागतो. पाच फूट उंच माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल तर सहा फुटांवर उभं राहायचं. मोबाइलचं मुख्य भिंग जरा जास्त पसरट बघतं; त्यात अंतराच्या सव्वा ते दीडपट रुंदी येते. म्हणजे माणूस मोठा दिसायला हवा तर आणखी पुढे सरका.

सहा फूट! हा आकडा लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

अशा एका भिंगावर मोठमोठी कामं झाली आहेत. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. स्वातंत्र्याच्या काळातले त्यांचे फोटो आजही पुस्तकांतून दिसतात. त्यांचा एक आवडता कॅमेरा होता रोलायफ्लेक्स. त्याला भिंगं दोन. वरचं आपण बघायला, खालचं फोटो काढायला. पण दोन्ही जागेवर पक्की! फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनीही जवळजवळ सगळं काम ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगावर केलं. ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी, ते गांधीजींना भेटले होते. नंतर अंत्ययात्रेचे त्यांचे फोटो जगभर गेले. हे दोघं लांबून डोकावत नसत. माणसांत मिसळून काम करत.

चला, निघूया. कसारा लोकलनं आसनगावला उतरायचं. शहापूर तिथून अगदी जवळ. उतरल्यावर मान वर केलीत की माहुलीचा किल्ला दिसेल. १६३६ साली शहाजीराजांनी मोगलांशी लढताना याच किल्ल्याचा आसरा घेतला होता. शेजारी उभे सुळके बघा. लोकांनी त्यांचं अख्खं लग्नाचं वऱ्हाडच करून टाकलं आहे. हा नवरा, ही नवरी आणि हे भटजीबुवा!

आता फोटो काढा आणि बघा. अरेच्चा! एवढा थोरला डोंगर, आणि फोटोत इवलासा? असं का होतं सांगू? डोंगराकडे बघताना आपलं सगळं लक्ष त्याच्यावरच असतं, म्हणून तो मनात मोठा होतो. भिंगाला मन नसतं. ते आभाळ, तारा, समोरचा रस्ता, सगळं सारखंच टिपतं. यावर उपाय दोन. एक म्हणजे चालत सुटा. गावाच्या दिशेनं जाल तसा डोंगर वाढत जाईल. दुसरा म्हणजे जवळचं काहीतरी सोबतीला घ्या. भाताच्या खाचराचा बांध घ्या, पळसाची फांदी घ्या, कारवीच्या कुडाचं घर घ्या. जवळ बांध आणि लांब माहुली असला, की मधलं अंतर फोटोत उतरतं. तो डोंगर कुणाच्या शेतातून दिसतो, तेही कळतं. (गडावर चढायचं ते मोठ्या माणसांबरोबर. आणि कड्याकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. काढायचा नाही म्हणजे नाही!)

शहापूर तालुक्याची दुसरी ओळख म्हणजे पाणी. मुंबईकर मुलांनो, हे तुमच्यासाठी खास. तुमच्या घरचा नळ सोडलात की येणारं बरंचसं पाणी इकडून आलेलं असतं. तानसा धरण १८९२ चं. मोडकसागरला नाव मिळालं ते अभियंते ना. वि. मोडक यांचं. आणि भातसा तर एवढं मोठं, की मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं त्या एकट्याचं! जलाशयाचा फोटो आपल्या कॅमेऱ्यात झकास येतो. निळं पाणी, मागे हिरवे डोंगर. मात्र धरणापाशी फोटो काढायला मनाई असल्याची पाटी दिसली तर कॅमेरा आत ठेवायचा.

पण हा झाला अर्धाच फोटो. उरलेला अर्धा अवघड आहे.

याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरनं पाणी पुरवावं लागलं आहे. पहाटे उठून बायका-मुली डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा आणि हंड्यावर कळशी घेऊन विहिरीला किंवा झऱ्याला जातात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो, त्यात हंड्याचं आणि कळशीचं वजन वेगळंच. मुंबईला पाणी देणाऱ्या तालुक्यात हे असं. याचा फोटो काढावा असं कुणालाही वाटेल.

मोठं झूम असलेला एखादा पाहुणा गाडीत बसूनच तो काढून जाईल. त्या बाईला कळणारसुद्धा नाही. तुम्हाला मात्र तसं करता येणार नाही. आठवला का तो आकडा? सहा फूट! सहा फुटांवर एक माणूस तुमच्याकडे बघत उभं असताना गप्प कसं राहाल? बोलावंच लागेल.

मग बोला. सोपं आहे. तिच्या डोक्यावर हंडा असेल तेव्हा थांबवायचं नाही. पंधरा किलो डोक्यावर असताना कुणी आपल्याला गप्पा मारायला थांबवलं तर? तिला विहिरीवर पोहोचू द्या, हंडा खाली टेकू द्या. मग म्हणा, “मावशी, कुठून येता पाण्याला? दिवसातून किती खेपा होतात?” आधी विचारा, ऐका, आणि मग, “तुमचा फोटो काढू का?”

कदाचित त्या हसून पदर सारखा करतील. कदाचित विचारतील, “कशाला रं? काय करणार फोटोचं?” हा प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर तुमच्याकडे असायला हवं. शाळेच्या भित्तिपत्रकात लावणार असाल तर तसं सांगा. मोबाइलवरून शंभर जणांना पाठवणार असाल तर तेही सांगा. आणि त्या “नको” म्हणाल्या तर? कॅमेरा खाली. रागावायचं नाही, लपून तर मुळीच काढायचा नाही. लहान मुलांचा फोटो काढायचा तर त्यांच्या आईला किंवा आजीला विचारायचं.

चेहरा नसला म्हणून फोटो वाया जात नाही, बरं का! विहिरीच्या कठड्यावर दोर घासून पडलेल्या खाचा बघा. रिकाम्या हंड्यांची रांग बघा. हजारदा पाय पडून गुळगुळीत झालेली पायवाट बघा. यांच्या अगदी जवळ जा. (फार जवळ नको. साध्या कॅमेऱ्यात चार-पाच फुटांच्या आतलं धूसर येतं.) जलाशयाचा फोटो आणि हा फोटो वहीत शेजारी शेजारी चिकटवा. खाली काही लिहायची गरज पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मुरबाड. कल्याणहून एस.टी. मिळते. पौष पौर्णिमेच्या सुमारास आलात तर म्हसा गावची यात्रा गाठा. बैलांचा मोठा बाजार भरतो. घोंगड्यांचे ढीग, पाळणे, खाऊची दुकानं आणि माणसंच माणसं! इथे माझा एक नियम. दोन दिवसांना मिळून चोवीसच फोटो. मोबाइलमध्ये हजार मावत असले तरी चोवीसच! म्हणजे तुम्ही आधी बघाल, मग काढाल. घोंगडीवाल्याची नुसती गर्दी टिपण्यापेक्षा घोंगडी अंगावर घेऊन बघणाऱ्या आजोबांपाशी जरा थांबा. किंमत ठरताना त्यांचा चेहरा कसा बदलतो ते पाहा. बटण केव्हा दाबायचं ते आपोआप कळेल. बैलाजवळ मात्र मालकाला विचारल्याशिवाय जायचं नाही. त्याला तुमचं गणित ठाऊक नसतं!

तिथून पुढे माळशेजच्या रस्त्यावर वैशाखरे लागतं. तिथली पायवाट नाणेघाट चढते. चढण मुरबाडकडची, माथा जुन्नरचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांकडून निघालेला माल याच वाटेनं जुन्नरला जाई. वर एक गुहा आहे. भिंतींवर ब्राह्मी लिपीत लांबलचक लेख आहे, त्यात नागनिका राणीनं केलेल्या यज्ञांची आणि दानांची नोंद आहे. आकडेसुद्धा आहेत. आपल्या देशातल्या फार जुन्या लिहिलेल्या आकड्यांपैकी ते आहेत. गुहेत उजेड कमी. कोपरं छातीला टेकवा, श्वास क्षणभर रोखा आणि हळूच बटण दाबा. समोरून फ्लॅश मारलात तर अक्षरं सपाट दिसतात. बाजूनं येणाऱ्या उजेडात ती उठून दिसतात. अक्षरांना हात लावायचा नाही.

आता मागच्या भिंतीकडे बघा. तिथे एके काळी राजघराण्यातल्या माणसांच्या आठ मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी, राजकुमार... आज त्या मूर्ती नाहीत. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण वर कोरलेली नावं आहेत! म्हणून तर आपल्याला कळतं, की इथे कोण उभं होतं.

आपल्या घरातल्या फोटोंचं नेमकं उलटं होतं. चेहरा असतो आणि नाव हरवतं. “हे कोण गं आजी?” “कोण जाणे, लग्नात आले होते कुणी!” म्हणून भटकंतीहून आल्यावर हे काम त्याच आठवड्यात करायचं. फोटो छापून घ्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं नाव, पाडा, गाव आणि तारीख लिहा. ‘पाणी भरणारी बाई’ असं नाही लिहायचं. तिनं तुम्हाला तिचं नाव सांगितलं असेल ना? ते लिहा.

आणि प्रत्येकाच्या दोन प्रती काढा. एक तुमची, एक त्या माणसाची. आईबाबा, हे जरा तुमच्यासाठी. येणारे-जाणारे “फोटो पाठवतो हं” म्हणून जातात, आणि इकडे वाट बघितली जाते. कित्येक घरांत भिंतीला लावायला माणसाचा एकही फोटो नसतो. पाठवणार नसाल तर मुलांना कबूल करू देऊ नका. पाठवणार असाल तर निघण्यापूर्वी नाव, पाडा, पोस्ट, तालुका आणि पिन कोड वहीत नीट लिहून घ्या. खर्च एका वडापावाएवढा!

मग दोस्तांनो, या आठवड्याचा गृहपाठ. तुमचं एक पाऊल किती फुटांचं पडतं ते अंगणात किंवा गच्चीवर मोजा. घरातल्या एकेकाला उभं करून तो पूर्ण मावेपर्यंत मागे जा आणि पावलं मोजून वहीत लिहा. दोन-चार दिवसांत कॅमेरा डोळ्याला न लावताच कुठे उभं राहायचं ते कळायला लागेल.

आणि हो, सॅकमध्ये वही-पेन्सिल टाकायला विसरू नका. पत्ते कशात लिहिणार?