गोधडी, संगणक आणि पाव इंच

सुई-दोऱ्याच्या कामाला संगणक कशाला हवा, असे विचारणारी मंडळी घरोघरी असतात. त्यांना मी एक लहानसा हिशेब घालतो. साठ बाय बहात्तर इंचांची, म्हणजे पाच फूट रुंद आणि सहा फूट लांब अशी ठिकळांची गोधडी करायची आहे. बारा इंचांचा एक चौकोन, त्यात नऊ ठिकळे, पाच गडद आणि चार फिकी. असे चौकोन लागतात तीस. प्रत्येक ठिकळ शिवून झाल्यावर चार इंच दिसले पाहिजे, म्हणून शिवणीसाठी चारही बाजूंना पाव इंच सोडून ते साडेचार इंचांचे कापायचे. कापडाचा पन्हा बेचाळीस इंच. तर गडद कापड किती आणावे?

गडद ठिकळे दीडशे. एका पट्टीत नऊ बसतात, म्हणजे सतरा पट्ट्या, साडेशहात्तर इंच. दोन मीटरला थोडे कमी. फिक्या कापडाच्या चौदा पट्ट्या, त्रेसष्ट इंच, म्हणजे एक मीटर साठ सेंटिमीटर. आमच्या आधीच्या पिढीची पावकी-निमकी पाठ होती, ती हे तोंडी करी. पण चौकोनाऐवजी दोन त्रिकोण जोडायचे झाले की शिवणीसाठी पाव-पाव इंच पुरत नाही. तिथे तयार मापात एका इंचाचे आठ भाग करून त्यातले सात मिळवावे लागतात, आणि मग मोठमोठ्यांची बोटे थबकतात. क्विल्टचे सॉफ्टवेअर हे क्षणात करते. शिवाय निळ्याच्या जागी तांबडे घालून सगळी गोधडी कशी दिसेल ते कात्री हातात घेण्याआधी दाखवते. कापड एकदा कापले की परत जुळत नाही, तेव्हा ही सोय थोडकी नव्हे.

अमेरिकेत हा मोठा छंद आहे आणि त्याच्या भोवती बाजारही मोठा आहे. ओहायो राज्यातल्या बोलिंग ग्रीन गावच्या एका कंपनीने १९९१ साली ‘इलेक्ट्रिक क्विल्ट’ नावाची आज्ञावली काढली, ती तेव्हाच्या डॉसवर चालायची. तिचीच आठवी आवृत्ती २०१७ साली आली, ती विंडोज आणि मॅक या दोन्हींसाठी. या दोन तारखांच्या मध्ये संगणकांच्या किती पिढ्या होऊन गेल्या याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

कारण खरी अडचण तिथेच आहे. नमुने सुंदर, पण आपल्या घरच्या संगणकावर ते चालेल का? डॉस आणि सुरुवातीच्या विंडोजच्या काळातल्या सोळा बिटी आज्ञावल्या चौसष्ट बिटी विंडोजवर उघडतच नाहीत. ॲपलने २०१९ साली आपल्या मॅकमधून बत्तीस बिटी आज्ञावल्यांना रजा दिली आणि २०२०पासून यंत्रातली चिपच बदलायला घेतली. विंडोज १० ची नेहमीची देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबली. ते संगणक बंद पडले नाहीत, पण नवी सॉफ्टवेअरे त्यांची दखल किती दिवस घेतील? शिलाई मशीन तेलपाणी केले की तीस वर्षे चालते. तिच्या शेजारी ठेवलेल्या यंत्राचे आयुष्य असे असावे, हे शिवणाऱ्या बाईला कसे पटावे?

माझ्या थोरल्या वहिनी सांगलीला असतात. मुलाकडे न्यू जर्सीला त्यांनी दोन हिवाळे काढले. बाहेर बर्फ, आत करमणूक नाही. जवळच्या ग्रंथालयात बायकांचा गोधडी-मेळा भरायचा, तिथे त्या जाऊ लागल्या आणि मुलाच्या संगणकावर त्यांनी छत्तीस नमुने रचले. त्यांत आमच्या जुन्या वाड्यातल्या फरशीचा नमुना होता, त्यांच्या आईच्या चौकड्याच्या लुगड्याचा होता. परत येताना सगळे एका पेनड्राइव्हवर घेऊन आल्या. सांगलीतल्या संगणकाची जात वेगळी निघाली. सॉफ्टवेअरवाल्यांचे उत्तर सभ्य होते: तुमच्या यंत्रासाठी आमची आवृत्ती नाही, आणि त्या फायली दुसरे कुठलेही सॉफ्टवेअर उघडणार नाही.

वहिनी मला म्हणाल्या, “भाऊजी, नमुना माझा, डोळे माझे फुटले, मग किल्ली त्यांच्या कनवटीला कशी?”

मी बँकेत चौतीस वर्षे काढली. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, पण तो ओळखीचा होता. रंगराजन समितीचे संगणकीकरणावरचे अहवाल १९८४ आणि १९८९ साली आले, त्यानंतर आमच्याकडे खातेवहीच्या जागी यंत्रे येऊ लागली. तेव्हा एक शिस्त होती: यंत्र आले तरी काही महिने हाताने लिहिलेली खातेवही त्याच्या जोडीने चालायची, रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवायची, आणि ती जुळत राहिली तरच वही बंद करायची. तरुण मंडळी कुरकुरत. मलाही घरी जायला उशीर व्हायचा. पण खातेदाराचा पैसा यंत्राच्या मर्जीवर सोडायचा नाही, हा त्यामागचा विचार मला आजही रास्त वाटतो. (कंपनीच्या मर्जीवर तर नाहीच.)

तेव्हा माझे मत सरळ आहे. असे सॉफ्टवेअर घेताना त्यात किती हजार नमुने आहेत हे शेवटी विचारावे. आधी आपल्या संगणकाचे नाव-गाव एका कागदावर उतरवून ते कंपनीच्या अटींशी ताडावे. मग चाचणीची प्रत मिळत असेल तर ती घेऊन एक नमुना करावा आणि तो बाहेर काढून पाहावा, पीडीएफमध्ये किंवा एसव्हीजीमध्ये. एसव्हीजी हा खुला प्रकार आहे, कुणा एकाच्या मालकीचा नाही. रेघा आणि मापे त्यात शाबूत राहतात. नमुना बाहेर निघत नसेल तर ते सॉफ्टवेअर फुकट मिळाले तरी महाग. २००३पासून चालत आलेले ‘इंकस्केप’ विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते आणि त्याला पैसे पडत नाहीत. ते गोधडीसाठी केलेले नाही, कापडाचा हिशेब आपला आपण करावा लागतो, पण चौकटी आखून एक ठिकळ शंभरदा उमटवायला ते छान आहे.

आणि छापताना कागद पाहावा. अमेरिकी नमुने साडेआठ बाय अकरा इंचांच्या कागदासाठी असतात, आपला ए-४ त्याहून थोडा अरुंद आणि लांब. छपाईयंत्राला ‘कागदात बसव’ म्हटले की ते गुपचूप नमुना आक्रसवते आणि तीस चौकोनांनंतर गोधडी कुठेच जुळत नाही. शंभर टक्के आकारात छापावे आणि कोपऱ्यातला एक इंचाचा चौकोन पट्टीने मोजावा.

वहिनींच्या मुलाने शेवटी माळ्यावरचा जुना संगणक काढला आणि छत्तीसही नमुने चित्ररूपात पाठवले. चित्रात मापे नसतात. वहिनी आता ती चित्रे समोर ठेवून आलेखाच्या कागदावर पुन्हा आखताहेत. एकोणीस झाले आहेत. लुगड्याचा नमुना आखताना त्यांनी त्यात एक काठ वाढवला. तो आधी सुचला नव्हता म्हणे.

या सॉफ्टवेअरविषयी माझी आणखी एक तक्रार आहे, आणि ती यंत्राबद्दल नाही. ते गृहीत धरते की आपण आधी नमुना ठरवणार, मग दुकानात जाऊन कापड आणणार. आपल्याकडची गोधडी किंवा वाकळ उलट्या वाटेने येते. आधी गाठोडे सुटते: आजीचे नऊवारी, विरलेले धोतर, पोराचा सदरा. काय उरले आहे त्यावरून काय होईल ते ठरते. कर्नाटकातल्या सिद्दी बायका ‘कवंदी’ शिवतात, ती कडेपासून सुरू होऊन फेऱ्या घेत मध्याकडे जाते आणि ठिकळे हाताला येतील तशी बसत जातात. त्या कामात आराखडा आधी नसतोच, तो धावदोऱ्याबरोबर पुढे सरकतो.

गाठोड्यापासून सुरुवात करणारे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या एखाद्या तरुण अभियंत्याने लिहावे. उरलेल्या कापडांची मापे आणि रंग द्यायचे, विरलेला भाग वजा करायचा, आणि यातून पाळण्यातले दुपटे होईल की मोठ्यांचे पांघरूण, ते त्याने सांगायचे. मराठीत असावे. आणि त्याला कुठला संगणक लागतो हे पहिल्याच पानावर, चष्मा न लावता वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत छापावे.