‘घरच्यासारखी’ म्हणजे किती तासांची?

कामाचा भाव पाडायचा असेल तर आधी कामाचं नाव बदलायचं, ही युक्ती आपल्याकडे जुनी आहे. आशाताईला ‘स्वयंसेविका’ म्हटलं की पगार देण्याची गरज उरत नाही, मोबदल्यावर भागतं. अंगणवाडीताईला ‘मानसेवी’ म्हटलं की पगाराचं मानधन होतं. आता याच पंगतीत आणखी एक गोड शब्द येऊन बसलाय, ‘सांस्कृतिक आदानप्रदान’. या शब्दाशी माझं भांडण आहे, आणि ते मी इथे नीट भांडणार आहे.

निमित्त आहे आमच्या भागातल्या पोरींचं. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, गडचिरोली इथल्या मुली फोनवर विचारतात, “ताई, ओ पेअर म्हणून जर्मनीले जाऊ का?” कुणी रील पाहिलेलं असतं, कुणाला नागपूरच्या भाषावर्गात कळलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून ‘जर्मनी’ हा शब्द आमच्याकडच्या बसस्टँडवरही ऐकू येतो. तो करार वेगळा आणि ओ पेअर वेगळं. पण एकदा दार किलकिलं झालं की पोरी सगळ्याच फटींतून डोकावून बघतात, आणि बघावंच.

ओ पेअर म्हणजे परदेशातल्या एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, थोडं घरकाम करायचं. बदल्यात खोली, जेवण, हातखर्च, आणि त्या देशाची भाषा व संस्कृती शिकायची संधी. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘बरोबरीने’. मुलगी नोकर नाही, पाहुणी नाही, घरातल्यांच्या बरोबरीची, असा तो विचार. युरोपात यासाठी १९६९ साली स्ट्रासबुर्गला एक करार झाला. त्यात लिहून ठेवलंय की ही व्यक्ती विद्यार्थी या वर्गात बसत नाही आणि कामगार या वर्गातही बसत नाही, तिचा वर्ग वेगळा, दोन्हींचे गुण असलेला. वाचायला छान आहे. पण ज्याला कुठल्याच वर्गात जागा नाही त्याची तक्रार कुठल्या खिडकीवर घेतात, हे आमच्या भागात ज्याने एकदा जातपडताळणीसाठी फेऱ्या मारल्यात त्याला विचारा.

आता आकडे बघू. जर्मनीत ओ पेअरने आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास काम करायचं आणि महिन्याला २८० युरो हातखर्च घ्यायचा. महिन्याचे साधारण १३० तास धरले तर तासाला दोन युरो आणि वर थोडे सेंट. राहणं-खाणं वेगळं, हे मान्य. पण त्याच देशात किमान वेतन तासाला बारा युरोंच्या वर आहे. अमेरिकेत हा कार्यक्रम १९८६ पासून चालतो. तिथे आठवड्याला ४५ तासांपर्यंत काम आणि किमान १९५ डॉलर ७५ सेंट. हा विचित्र आकडा आला कुठून? तासाला सव्वासात डॉलर हे तिथलं केंद्रीय किमान वेतन. गुणिले ४५ म्हणजे ३२६ डॉलर २५ सेंट. त्यातून राहण्या-जेवणाचे ४० टक्के वजा केले की उरतात १९५.७५. २००९ पासून हा हिशेब तिथेच थांबलाय.

हा हिशेब मला फार बोलका वाटतो. माहितीपत्रकात मुलगी कुटुंबाची सदस्य असते, आणि हिशेबाच्या वहीत तिच्या ताटातल्या भाताचे पैसे कापलेले असतात. सदस्याच्या ताटाचं बिल करणारं घर मी तरी पाहिलेलं नाही. याच पगारावरून २०१४ साली डेन्व्हरच्या न्यायालयात खटला उभा राहिला. एजन्सींनी संगनमत करून किमान आकडा हाच सगळ्यांचा आकडा करून टाकला, असा मुलींचा आरोप होता. कंपन्यांनी चूक कबूल केली नाही, पण जानेवारी २०१९ मध्ये साडेसहा कोटी डॉलरच्या वर रक्कम देऊन तडजोड केली. नॉर्वेने तर २०२४ मध्ये ओ पेअर व्यवस्थाच बंद केली, कारण संस्कृतीच्या नावाखाली स्वस्त घरकाम चाललंय हे तिथल्या सरकारला नाकारता आलं नाही.

‘घरच्यासारखी’ हा शब्द मला ऐकीव माहितीतून कळलेला नाही. मी कुरखेडा तालुक्यातली, आश्रमशाळेत शिकलेली. एकोणिसाव्या वर्षी नागपुरात एका घरी दोन लहान मुलं सांभाळायला राहिले आणि बाहेरून बीए केलं. माणसं वाईट नव्हती. वाढदिवसाला केक आणायची, दिवाळीला कपडे घ्यायची, पाहुण्यांना सांगायची, “ही आमच्या घरचीच आहे.” सकाळी साडेपाचला दुधाच्या बाटल्यांपासून रात्री साडेदहाला धाकटा झोपेपर्यंत मी घरचीच असे. एकदा रविवारची सुट्टी मागितली तर बाई हसून म्हणाल्या, “अगं, घरच्या माणसाला सुट्टी असते का?” त्यांच्या मनात खोट नव्हती, आणि म्हणूनच ते वाक्य जास्त धोक्याचं. खोट असली की भांडता येतं. प्रेमाने हक्क काढून घेतला तर भांडणारी कृतघ्न ठरते.

यावर कुणी म्हणेल, की परदेशात असं एकटं पडू नये म्हणूनच तर ओ पेअर मुलींसाठी सामूहिक उपक्रम असतात! असतात खरे. अमेरिकेत एजन्सीची स्थानिक प्रतिनिधी महिन्यातून एकदा आपल्या भागातल्या मुलींना बोलावते. कधी सहल, कधी भोपळे कोरणं, कधी ‘आपापल्या देशाचा पदार्थ करून आणा’. ब्राझीलची मुलगी काहीतरी गोड आणेल, थायलंडची काहीतरी तिखट, आमची सांबारवडी तळून नेईल. फोटो निघतील. तोच फोटो पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत दिसेल.

सहलीला माझा विरोध नाही. घराच्या चार भिंतींत आठवडा काढलेल्या मुलीला दुसऱ्या मुलीचा चेहरा दिसणं ही फार मोठी गोष्ट असते. माझा प्रश्न असा की ही बैठक बोलावली कुणी? बोलावणारी बाई एजन्सीची. एजन्सी चालते ती प्रामुख्याने यजमान कुटुंबं भरतात त्या पैशावर. आणि मुलीचं कुटुंबाशी वाजलं तर मध्यस्थी करणारीही तीच बाई. दुसरं कुटुंब मिळालं नाही तर परतीचं तिकीट. अशा बैठकीत कोणती मुलगी वडीचं ताट खाली ठेवून विचारेल, “तुमचे या आठवड्यात तास किती भरले गं?” जिथे हा प्रश्न विचारता येत नाही, तिथे कितीही देशांचे पदार्थ मांडले तरी तो समुदाय होत नाही. ते स्नेहसंमेलन असतं. स्नेहसंमेलनं आम्ही आश्रमशाळेत भरपूर पाहिलीत. साहेब येणार म्हणून आठ दिवस रेला नाचाचा सराव, आणि वसतिगृहात पाणी येत नाही हे साहेबांसमोर बोलायचं नाही अशी ताकीद.

आमच्या जिल्ह्याला ‘आदानप्रदान’ नवीन नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पैशातून ‘आदिवासी युवा आदानप्रदान कार्यक्रम’ चालतो. नक्षलग्रस्त म्हणून शिक्का बसलेल्या जिल्ह्यांतली तरुण मुलं-मुली आठवडाभर देशातल्या मोठ्या शहरांत नेली जातात. शहर बघायचं, कारखाने बघायचे, भाषणं ऐकायची, संध्याकाळी आपला नाच दाखवायचा. जाऊन आलेली मुलं खुशीत असतात, कारण एरवी त्यांना कोण कुठे नेतं? पण शब्दाचा अर्थ लावू. आदान म्हणजे घेणं, प्रदान म्हणजे देणं. एटापल्लीची मुलगी हैदराबाद बघून आली. मग हैदराबादची किंवा पुण्याची मुलगी आठवडाभर एटापल्लीला का येत नाही? तिला तेंदूपत्त्याचा पुडा कसा बांधतात, ग्रामसभेत ठराव कसा होतो, पावसाळ्यात भामरागडचा रस्ता पुराखाली गेला की दवाखाना कसा गाठतात, हे कोण दाखवणार? एका बाजूने फक्त बघायचं आणि दुसऱ्या बाजूने फक्त नाचायचं, याला देवाणघेवाण म्हणत नाहीत.

खरी देवाणघेवाण कशी असते ते बघायला आम्हाला जर्मनीला जावं लागत नाही. १९५०च्या दशकात वरोऱ्याजवळच्या आनंदवनात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे परदेशी तरुण आले. कुष्ठरोग्यांची सावली टाळण्याच्या त्या काळात त्यांनी तिथल्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून इमारती उभ्या केल्या. मूल तालुक्यात सोमनाथला १९६७ पासून श्रमसंस्कार छावणी भरते. मे महिन्याच्या उन्हात शहरातली पोरं येतात आणि हातात कुदळ घेतात. तिथे पाहुणा आणि यजमान दोघांनाही एकच घाम येतो.

दुसरं उदाहरण धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं हे पहिल्या गावांपैकी एक. या गावाची खरी ताकद म्हणजे अभ्यास गट. बाहेरची माणसं यायची, पण भाषण द्यायला नाही. गोल बसायचं, आपल्याला माहीत असेल ते सांगायचं, गावाला माहीत असेल ते ऐकायचं, आणि निर्णय मात्र ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीने. मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरहून जाऊन वर्षानुवर्षं त्या गटात बसले, आणि देवाजी तोफांसारखी गावातली माणसं राज्यभर बोलायला गेली. याला मी आदानप्रदान म्हणेन. दोन्ही बाजू काहीतरी शिकल्या आणि कुणाच्या ताटाचं बिल झालं नाही.

आणि आमचा गोटुल. बाहेरच्यांनी त्यावर एवढी चावट चर्चा केलीय की मूळ गोष्ट राहूनच जाते. गोटुल म्हणजे तरुणांची स्वतःची जागा. तिथले नियम तरुण करतात, कामं तरुण वाटून घेतात, तक्रार आधी तिथेच मांडली जाते. मेंढ्याच्या लोकांनी आपला गोटुल नव्याने बांधला तेव्हा वनखात्याने सागवानाचं कारण देऊन पोलिसांसह तो पाडला. मग आजूबाजूची गावं जमली आणि गावोगावी गोटुल उभे राहू लागले. लोक एका लाकडी छपरासाठी एवढे पेटले, कारण आपण कुठे जमायचं आणि कुणाच्या परवानगीने, हा साधा प्रश्न नसतो हे त्यांना कळत होतं.

म्हणून परदेशी जाणाऱ्या मुलींसाठी माझं मागणं सहलींच्या यादीचं नाही, गोटुलाचं आहे. महिन्यातून एक बैठक अशी हवी की जिथे एजन्सीची बाई नाही, यजमान नाही, फोटो काढणारं कुणी नाही. प्रत्येकीने आपल्या तासांची वही आणावी आणि एकमेकींना दाखवावी. मग खुशाल सांबारवडी खा, नाचा, भोपळे कोरा. संस्कृती त्यानंतर आपोआप येते. तिला कार्यक्रमपत्रिका लागत नाही.

कुणी म्हणेल, तुम्ही पोरींना घाबरवताय. अजिबात नाही. जा, जरूर जा. आमच्याकडे वीस वर्षांच्या मुलीने एकटीने सीमा ओलांडणं हीच क्रांती आहे, आणि चांगली कुटुंबंही पुष्कळ आहेत. चांगल्या कुटुंबाला तर तास लिहून द्यायला अडचण नसते. मी फक्त एवढंच म्हणते की सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. रोज किती तास? आठवड्यातून कोणता दिवस पूर्ण माझा? आणि भांडण झालं तर मी कुणाकडे जायचं, जो यजमानाच्या पैशावर चालत नाही? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर ‘अगं, तू तर आमच्या घरचीच’ असं आलं, तर ते उत्तर नाही असं समजा.

हेच तीन प्रश्न मला नागपूर, पुणे, मुंबईच्या वाचकांनाही विचारायचे आहेत. आपल्या राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला. घरकामगारांना इतर कामगारांसारखेच हक्क देणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार २०११ मध्ये झाला, आणि भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. या मधल्या पोकळीत गडचिरोली-चंद्रपूरच्या किती मुली तुमच्या सोसायट्यांमध्ये मुलं सांभाळत राहतात, ते तुमच्याच लिफ्टमध्ये मोजा. जर्मनीत तीस तासांची मर्यादा निदान कागदावर आहे. तुमच्या घरात राहणाऱ्या मुलीचे तास कुठल्या कागदावर आहेत?

ती मुलगी घरात तीन भाषा बोलते. गोंडी आईशी फोनवर, झाडीबोली मैत्रिणीशी, आणि तुमची प्रमाण मराठी तुमच्याशी. तुमच्या मुलाला तिने तुमची भाषा बोलायला शिकवलं. तिच्या भाषेतला एक शब्द तरी तुमच्या घरात कुणाला येतो का? येत असेल तर तिथे देवाणघेवाण सुरू झालीय असं मी मानेन. नसेल, तर निदान ‘घरची’ म्हणणं थांबवा, कामगार म्हणा, आणि रविवार द्या.