दया, क्षमा, माफी : 'समानार्थी' म्हणून सोडून देऊ नका

मराठीच्या प्रश्नपत्रिकेत समानार्थी शब्दांचा प्रश्न ठरलेला असतो. एक-दोन गुणांचा, मुलांना सोपा वाटणारा. मार्गदर्शकात ओळ तयार असते : दया = करुणा, कीव, अनुकंपा, क्षमा. मुलं ती पाठ करतात, लिहितात, गुण मिळतात. माझी तक्रार मुलांबद्दल नाही, मधल्या त्या बरोबरच्या चिन्हाबद्दल आहे. हे शब्द एका घरातले असतील, पण एकाच्या जागी दुसरा बसवला की वाक्यातल्या माणसांच्या जागा बदलतात.

'मला त्याची दया आली' आणि 'मला त्याची कीव आली' ही वाक्यं वरवर सारखी वाटतात. पण 'तुझ्या बुद्धीची कीव येते' या वाक्यात दया घालून बघा. वाक्यातला टोमणाच गळून पडतो. जुन्या मराठीत देवापुढे कीव भाकण्यात काही कमीपणा नव्हता. आज मात्र कुणी आपली कीव केली तर ती टोचते. भाषा तीच, शब्दही तोच, पण त्याची पत घसरली. कणव याच्या उलट. ती येते, वाटते, दाटते, पण 'मी तुझ्यावर कणव केली' असं कुणी म्हणत नाही. कणवेला उपकार करता येत नाहीत. दयेला दोन्ही जमतं. दया येते तेव्हा ती मनात असते. दया करतो तेव्हा करणारा थोडा वर उभा असतो आणि घेणारा खाली.

अनुकंपा हा शब्द तर फोडून दाखवण्यासारखा आहे. अनु म्हणजे मागोमाग, कंप म्हणजे थरथर. समोरचा थरथरतो आणि त्याच्या जोडीनं आपणही थरथरतो, ती अनुकंपा. आज हा शब्द मुलांच्या कानावर पडतो तो बहुधा 'अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती' या सरकारी रूपात, म्हणजे सेवेत असताना कर्मचारी गेला तर घरातल्या एकाला नोकरी. फाइल टेबलाटेबलावर फिरते, थरथर कुणाची होत नाही. पण शब्द टिकला हेही नसे थोडके.

आता क्षमा आणि माफी. क्षमा संस्कृतातली. 'क्षम्' म्हणजे सहन करणं, सोसणं. म्हणूनच संस्कृतात पृथ्वीलाही क्षमा असं नाव आहे. ज्यानं सोसलं तोच क्षमा करू शकतो, तिसऱ्याला तो अधिकार नाही. माफी मूळची अरबी, फारसीतून आपल्याकडे आली आणि कचेरीत रुळली : करमाफी, माफीनामा, माफीचा साक्षीदार. इथे देणाऱ्याचं मन दुखावलेलं असण्याची गरज नाही, त्याच्याकडे अधिकार असला की पुरे. दिलगिरी आणखी वेगळी. फारसीत दिलगीर म्हणजे खिन्न. 'गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असं स्टेशनवर ऐकू येतं, त्यात वाईट वाटल्याचं कळवलेलं असतं. चूक कुणाची हे त्यात येत नाही.

हा फरक किती महाग पडू शकतो ते पाहायचं तर आपल्या पुण्यातलंच 1897 साल बघा. प्लेगचं वर्ष. रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून तपासणी करत होते. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून मित्रांची पत्रं गेली, त्यांच्या आधारावर गोखल्यांनी तिकडच्या वृत्तपत्रात सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं सांगितलं. मोठा गदारोळ झाला. दरम्यान 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. गोखले परतले तेव्हा उघडपणे पुरावा द्यायला कुणी पुढे येईना, आणि पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगायला गोखले तयार नव्हते. त्यांनी गव्हर्नरची आणि सैनिकांची जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

कागद सगळे इंग्रजी, पण पुण्याच्या वाड्यांत आणि पारांवर बोलणं मराठीत झालं असणार. 'सिद्ध करता येत नाही' आणि 'घडलंच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरोप मागे घेणं ही पहिलीची कबुली. बिनशर्त माफी मागितली की ऐकणारा दुसरीही गृहीत धरतो. माझं मत विचाराल तर गोखल्यांनी आरोप मागे घेऊन थांबायला हवं होतं. जे स्वतः पाहिलं नाही ते आपल्या नावावर सांगितलं, म्हणून सगळी भरपाई आपणच करायची, इतका तो माणूस सरळ होता. लोकांनी मात्र तो भित्रेपणा समजला आणि ती माफी त्यांना पुढे अनेक वर्षं चिकटून राहिली.

त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. माफी मागा, प्रकरण मिटेल, असं सुचवणारे हितचिंतक होतेच. टिळकांनी नकार दिला आणि दीड वर्षाची सक्तमजुरी घेतली. पुढे मॅक्सम्युलर, विल्यम हंटर अशा मंडळींनी इंग्लंडातून त्यांच्यासाठी अर्ज केला. वेदविद्येचा हा अभ्यासक आहे, त्याच्यावर दया दाखवा, असा त्याचा रोख होता. सप्टेंबर 1898 मध्ये काही अटी मान्य करून टिळक मुदतीआधी सुटले. माफी मागितली नव्हती, दया मात्र दाखवली गेली. माफी मागायची तर आधी चूक पदरात घ्यावी लागते. दयेच्या अर्जात शिक्षा कमी करणं समोरच्याच्या हातात आहे एवढंच मान्य करावं लागतं. आजही फाशीचा कैदी राज्यघटनेच्या कलम 72 खाली राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज करतो, तेव्हा मी निर्दोष आहे असं तो त्यात खुशाल लिहू शकतो.

1915 मध्ये गोखले गेले. अंत्यविधीच्या वेळी टिळकांनी त्यांच्याबद्दल फार गौरवानं भाषण केलं. त्याला क्षमा म्हणायचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही. क्षमेला आधी अपराध लागतो. गोखल्यांनी टिळकांचा अपराध केला नव्हता, दोघांचं पटत नव्हतं इतकंच.

शब्दाची ही धार ओळखणारा आणखी एक माणूस पुणे जिल्ह्यातच राहिला, चाकणजवळच्या आंबेठाणला. शेतकरी संघटनेचे शरद जोशी. 'कर्जमाफी' या शब्दालाच त्यांच्या चळवळीचा विरोध होता. माफी गुन्हेगाराला देतात. सरकारी धोरणानं शेतमालाचे भाव पाडले, त्यातून कर्ज झालं, मग शेतकऱ्यानं माफी कशाची घ्यायची? त्यांचा शब्द होता कर्जमुक्ती. 2008 मध्ये केंद्रानं योजना आणली ती कर्जमाफीची. 2019 मध्ये महाराष्ट्रानं महात्मा फुल्यांच्या नावानं आणली ती मात्र कर्जमुक्तीची. नाव बदललं म्हणून कर्जाचा आकडा बदलला नाही हे खरं, पण तलाठी कार्यालयाच्या रांगेत माणूस ताठ मानेनं उभा राहतो की खाली मान घालून, यात फरक पडतो.

आणि आपण शाळेत काय करतो? उशीर झाला, गृहपाठ राहिला, मारामारी झाली, सगळ्याला एकच मायना : 'मला क्षमा असावी, पुन्हा असे होणार नाही.' पीएमपीची बस आली नाही म्हणून उशीर झाला तर फार तर दिलगिरी, त्यात मुलाची चूक कुठली? मित्राला मारलं असेल तर क्षमा मित्राची मागायची, वर्गशिक्षकांच्या नावानं कागद लिहून काय होणार? सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचं शिक्षण 2009 च्या कायद्यानं मोफत आहे, हक्क म्हणून. तरी 25 टक्के राखीव जागेवर आलेल्या मुलाबद्दल 'त्याला फी माफ आहे' असं शिक्षकखोलीतसुद्धा सहज बोललं जातं. त्या मुलानं कुठला अपराध केला होता?

समानार्थी शब्द पाठ करून घेण्याऐवजी मी आता वाक्यं देते. 'पावसात कुडकुडणारं पिल्लू पाहून तिला ___ आली.' 'नियम मोडणाऱ्यांची ___ केली जाणार नाही.' 'कार्यक्रम उशिरा सुरू झाल्याबद्दल आयोजकांनी ___ व्यक्त केली.' 'आजीची बरणी फोडली म्हणून त्याने तिची ___ मागितली.' रिकाम्या जागी शब्द, आणि शेजारचा शब्द का चालत नाही ते एका ओळीत. त्या एका ओळीला मी शब्दापेक्षा जास्त गुण ठेवते. शेवटच्या वाक्यावर वर्गात दोन तट पडतात, क्षमावाले आणि माफीवाले. मी दोन्ही बरोबर धरते, कारण लिहिलेलं असलं तरच.