हळू जाणाऱ्याची जागा कोठे?

सुटीच्या दिवशी सकाळी सायकलस्वारांचे तांडे गावाबाहेर निघालेले तुम्ही पाहिले असतील. अनेक गावांत आता सायकल क्लब आहेत. त्यांच्या सहलींत शाळकरी मुलांपासून आजोबांपर्यंत कोणीही सामील होऊ शकते. तरीही पुष्कळ जण जात नाहीत. ‘माझी सायकल साधी, बिनगिअरची, मला लवकर दम लागतो, माझ्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल,’ असे त्यांना वाटते. ही भीती कितपत खरी आहे, ते विज्ञानाच्या साहाय्याने पाहू या.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराला मुख्यतः दोन विरोधांशी झगडावे लागते. एक, रस्त्यावर फिरणाऱ्या टायरांना होणारा विरोध आणि दुसरा, हवेचा विरोध. पहिला वेगाबरोबर फारसा बदलत नाही. दुसरा मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ ऐवजी ३० किलोमीटर वेगाने गेलात, तर हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यासाठी शक्ती आठपट लागते!

पुढचा स्वार हवा बाजूला सारतो. त्याच्या पाठीमागची हवा काही अंशी त्याच्याबरोबरच पुढे सरकत असते. त्यामुळे मागच्या स्वाराला विरोध कमी होतो. शर्यतीच्या वेगात मागच्याची सुमारे पाव ते एक-तृतीयांश शक्ती वाचते. सहलीच्या वेगात बचत कमी होते. पण समोरून वारा असला की ती चांगलीच जाणवते.

म्हणजे एकाच वेगाने जाणाऱ्या दोघांचे श्रम सारखे नसतात. दमदार स्वार पुढे व नवखा त्याच्या मागे, अशी रचना केली तर दोघेही बरोबर जातात आणि दोघांनाही आपापल्या कुवतीप्रमाणे व्यायाम घडतो. प्रत्यक्षात बहुधा उलटेच होते. दमदार मंडळी पुढे निघून जातात, नवखा मागे एकटा पडतो आणि ज्याला आडोशाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सगळा वारा अंगावर घ्यावा लागतो. माझ्या मते हा दोष त्याच्या पायांचा नसून तांड्याच्या रचनेचा आहे.

हा विचार नवा नाही. १८९७ साली इटलीतील काही सायकलस्वार एका दिवसात रोमहून नेपल्सला निघाले. त्यांना ‘ऑडाक्स’, म्हणजे धाडसी, म्हणू लागले. पुढे १९०४ मध्ये हा प्रकार फ्रान्समध्ये आणला तो आंरी देग्रांज यांनी, म्हणजे १९०३ साली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू करणाऱ्या गृहस्थांनीच! ऑडाक्समध्ये म्होरक्या ठरलेला वेग राखतो. त्याच्यापुढे कोणी जायचे नाही आणि सर्वांनी मिळून पोचायचे.

चढावर मात्र आडोशाचा उपयोग नाही, कारण तेथे मुख्य काम वजन वर नेण्याचे असते. सायकलसह ८० किलो वजन २० मीटरला १ मीटर अशा चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने न्यायचे, तर केवळ त्यासाठी सुमारे ११० वॅट शक्ती लागते. ताशी १५ किलोमीटरला सुमारे १६५ वॅट. म्हणून चढावर प्रत्येकाने आपल्या गतीने जावे व माथ्यावर थांबावे. शेवटचा आला की लगेच निघू नये. इतरांची विश्रांती झालेली असते, त्याची नाही!

आडोसा घेताना पुढच्याला चिकटू नका. निदान एका सायकलीइतके अंतर ठेवा. खड्डा दिसताच हाताने खूण करा व ओरडून सांगा. रहदारीत एकेरी ओळ धरा.

शिक्षकांनी शाळेतही असा गट जरूर काढावा. वाऱ्याच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर तेच अंतर त्याच वेगाने एकदा पुढे व एकदा मागे राहून कापावे आणि दोन्ही वेळा नाडीचे ठोके मोजावेत. फरक मुलांना स्वतःच कळेल. आणि एखाद्या क्लबाची पारख करायची असेल, तर त्याच्या शेवटच्या स्वाराकडे पाहावे. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला, तर तो क्लब चांगला!