डग्ग्याचा घुमारा कुठे गेला?

दोस्तांनो, घरात इंजिनिअरिंगची परीक्षा देणारी ताई असेल तर तिची वही मागून घ्या. (विचारून हं! परीक्षेच्या दिवसांत ताया चिडक्या असतात.) तीत एक आकृती हमखास सापडेल. डावीकडे चढण, मध्ये लांबलचक पठार, उजवीकडे उतरण. हा अ‍ॅम्प्लिफायरचा ‘फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स’. ही आकृती पाठ करणारे खूप, समजून घेणारे थोडे!

सेकंदाला जितकी कंपनं, तितके हर्ट्झ. आपल्याला साधारण २० ते २०,००० हर्ट्झचे आवाज ऐकू येतात. अ‍ॅम्प्लिफायर आवाज मोठा करतो खरा, पण सगळे स्वर सारखे मोठे करत नाही.

का बरं? त्याच्या दोन टप्प्यांमध्ये एक कपॅसिटर बसवतात. एका टप्प्यातला स्थिर विद्युतदाब पुढच्यात घुसू नये म्हणून. पण हा पहारेकरी संथ कंपनांनाही अडवतो. कुठपासून? रोध आणि धारिता यांच्या गुणाकाराला २π नं गुणा आणि त्यानं १ ला भागा. रोध १० किलोओहम, कपॅसिटर १ मायक्रोफॅरड, तर उत्तर सुमारे १६ हर्ट्झ. झकास! पण कपॅसिटर ०.१ चा लावला तर? १६०! तबल्याची चाट खणखणीत ऐकू येईल, डग्ग्याचा घुमारा मात्र दुबळा पडेल.

उजवीकडच्या उतरणीचं कारण ट्रान्झिस्टरच्या पोटात आहे. तिथे इवलीशी धारिता असतेच, कुणी न बसवता. फार जलद कंपनं तिच्यातून परस्पर निसटतात. म्हणून गणित सोडवताना ताईनं डाव्या टोकाला फक्त बाहेरचे कपॅसिटर धरावेत, उजव्या टोकाला फक्त पोटातले आणि पठारावर कुठलेच नाहीत.

पठार संपतं कुठे? विद्युतदाब मधल्याच्या ०.७०७ पट उरतो तिथे. हा विचित्र आकडा कशाला? त्याला त्यानंच गुणून पाहा. ०.५ आलं ना? शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे तिथे शक्ती निम्मी. ताईच्या भाषेत ‘३ डेसिबल खाली’.

आलेखावर १०, १००, १००० सारख्याच अंतरावर बघून गोंधळलात? पेटी आठवा. प्रत्येक सप्तकात कंपनं दुप्पट होतात, तरी पट्ट्यांची रुंदी तेवढीच!

जुन्या घरगुती फोनवर तर फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ जायचे. ‘स’ आणि ‘फ’ यांचा फरक बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून आजोबांना फोनवर ‘समईतला स’ असं ओरडावं लागे.

आता ताईला विचारा : बाहेरचा कपॅसिटर दहापट मोठा केला, तर पठार कुठल्या बाजूला वाढेल?