कढईलाही जाब विचारा

मधुमेहाचा विषय निघाला की वडीलधारी मंडळी साखरेच्या डब्याकडे बोट दाखवितात. आम्हांस हा न्याय अपुरा वाटतो. जाब कढईलाही विचारावयास हवा.

प्रखर, कोरड्या आचेवर शर्करा व प्रथिने यांचा संयोग होऊन पदार्थ खरपूस होतो. ही क्रिया मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णिली. त्या खमंगपणाबरोबर काही उपद्रवी संयुगेही जन्मास येतात. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने ३८ स्थूल प्रौढांवर केलेला प्रयोग २०२४ साली प्रसिद्ध झाला. तळलेल्या-भाजलेल्या आहाराच्या मानाने, बारा आठवड्यांच्या उकडलेल्या-वाफवलेल्या आहाराने इन्सुलिनला शरीर अधिक दाद देऊ लागल्याचे तीत आढळले. ३८ ही संख्या लहानच, हे आम्हांस मान्य आहे.

आता मधल्या सुटीतील कचोरी पाहा. ती तळलेली तर असतेच, शिवाय मैद्याची! इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचविण्यास मॅग्नेशियम लागते. मैदा करताना कोंड्याबरोबर तेही बहुतांशी निघून जाते. हरभऱ्यात मात्र ते भरपूर असते.

इंदुरात राहून तळणीविरुद्ध लिहिणे धाडसाचेच! पण कचोरी बंद करा, असे आम्ही म्हणत नाही. त्या रांगेत आम्हीही असतोच. शाळेच्या उपाहारगृहात तिच्या शेजारी उकडलेल्या हरभऱ्यांचे एक पातेले ठेवावे, एवढीच आमची मागणी आहे.