घोरणे म्हणजे सुखाची झोप नव्हे!

पिंपळगाव बसवंतचा बागाईतदार मालाच्या परीक्षेत कोणास हार जाणारा नाही. द्राक्षाचा मणी किती मिलिमीटर भरला, गोडी किती उतरली, फवारलेल्या औषधाचा अंश किती राहिला, हे पाहिल्यावाचून एक पेटीही युरोपच्या वाटेस लागत नाही. परंतु त्याच बागाईतदाराचे, किंवा त्याच्या मळ्यावरील मजुराचे, पाच वर्षांचे मूल रात्रभर तोंड उघडे टाकून घोरते, मध्येच त्याचा श्वास अडतो व दचकून पुन्हा सुरू होतो. त्याची परीक्षा कोण करतो? वडीलधारी माणसे ‘पोर दमले आहे, गाढ निजले आहे’ असे म्हणून समाधान मानतात. हे समाधान खोटे आहे.

नाकाच्या मागे, घशाच्या माथ्याशी अडिनॉइड नावाची मऊ गादी असते. डेन्मार्कच्या विल्हेल्म मायर यांनी 1868 साली तिच्या विकाराकडे वैद्यांचे लक्ष वेधले. तेव्हा ही विद्या काही कालची नव्हे. बालवयात ही गादी व टॉन्सिलच्या गाठी वाढल्या, की झोपेत स्नायू सैल पडताच श्वासाची वाट बुजते. शंभरांत सुमारे एक ते पाच मुलांस हा श्वासरोध असतो, असा वैद्यांचा अंदाज आहे. रात्र अशी झुंजण्यात गेली, की दिवसा मूल चिडते, वर्गात डुलक्या घेते, पाठ विसरते. कोणाची वाढ खुंटते, कोणी पुन्हा अंथरूण भिजवू लागते. शाळेत त्यास ‘मठ्ठ’ ही पदवी मिळते. श्वासाच्या अपराधाबद्दल बुद्धीस शिक्षा, हा कोणत्या कायद्यातील न्याय?

त्यात निफाड तालुक्याची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा पाच अंशांखालीही उतरतो. अशा रात्री दारे-खिडक्या लावून आत चूल किंवा शेगडी पेटते, आणि विडीच्या व लाकडाच्या धुराने नाकातील सूज अधिकच वाढते.

आईबाप स्वस्थ बसतात असे मात्र नव्हे. ते दवाखान्यात जातात. पण दिवसा मूल जागे, हसरे व सुरळीत श्वास घेणारे दिसते. सर्दीचे औषध मिळते व प्रकरण निकालात निघते. या रात्रीच्या प्रकरणात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकटी आई. आणि तिचीच जबानी कोणी नोंदवीत नाही! मग ती अंगारेधुपाऱ्यांच्या दारी गेली, तर दोष केवळ तिचा कसा? मेळघाटात 2025 च्या फेब्रुवारीत श्वास लागलेल्या तान्ह्या बालकास तापल्या विळ्याच्या डागण्या दिल्याचे वृत्त आले. तेथील विकार निराळा असेल, पण वाट चुकण्याचे कारण तेच.

पालकांस आमचे सांगणे इतकेच, की रात्री दोन मिनिटे मोबाईलवर मुलाचा श्वास चित्रित करा व तो पुरावा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञापुढे ठेवा. आडगावचे वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्याच रस्त्यावर आहे. शस्त्रक्रियेच्या नावाने घाबरूही नका व तिच्यासाठी उतावीळही होऊ नका. अमेरिकेत 464 मुलांवर झालेल्या व 2013 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी 79 टक्के मुलांची झोपेची तपासणी निर्दोष ठरली. पण नुसते लक्ष ठेवलेल्यांतही 46 टक्के मुले सुधारली. निवड तज्ज्ञाने करावी. विलंब मात्र कोणीच करू नये.

आता सरकारास. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत याच महाराष्ट्रातील पालघर येथे सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा मुले तपासतात. तीस विकारांच्या त्यांच्या मूळ यादीत कान फुटणे आहे, दम्याचा प्रकार आहे. पण घोरणे नाही. मूल बहुतेक रात्री घोरते काय? श्वास मध्येच थांबतो काय? दिवसा डुलक्या घेते काय? या तीन प्रश्नांस ना यंत्र लागते, ना नवे मनुष्यबळ. ते छापील तक्त्यात घालण्यास कोणता खजिना रिकामा होणार आहे? सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या 47 व्या अनुच्छेदाने राज्याचे आद्य कर्तव्य ठरविले आहे.

उद्या ज्यांच्या हाती हे राष्ट्र द्यावयाचे, त्यांस आज रात्री नीट श्वास घेता येतो की नाही, हे विचारण्याइतकी तरी जाग आपण दाखवावी. मुले निजलेली असावीत. समाज व सरकार निजलेले असून चालणार नाही.